आगोट आठवड्यावर आलीय, शिडी धरा

पेठपाड्याला मेट्रोतून उतरा. जिना उतरून रस्त्यावर आलात की मे महिन्याचं ऊन समोरच्या टॉवरच्या काचांवरून उसळून थेट तोंडावर येईल. तिथेच सावली बघून उभे राहा. मोबाइल बंद करून खिशात घाला, मनगटावरचं घड्याळ काढा. जिथे जायचंय तिथे वेळ खाडीच्या पाण्यावरून कळते. चपलाही काढा. तिथे लहानांच्या पायात त्या नसतात आणि मोठ्यांच्या पायात फक्त लग्नाला जाताना असतात.

आता डोळे मिटा आणि एकेक गोष्ट उचलून बाजूला ठेवायला लागा. आधी मेट्रो, ती अगदीच नवी, २०२३ची. मग सेंट्रल पार्कची हिरवळ गुंडाळा, गोल्फ कोर्स सरकवा, उत्सव चौकातले खांब उपटा. रेल्वे स्टेशन उचललंत की खाली खाडीचा चिखल लागेल. वाशीचा खाडीपूल काढलात की मुंबई एकदम लांब जाते. आता तिकडे जायचं तर मुंब्र्यावरून वळसा. आणखी थोडं मागे या. सिडको १९७०ची, तिचं नावही अजून कुणाच्या कानावर आलेलं नाही. जिल्हा कुलाबा, तालुका पनवेल, साल १९६५, मे महिन्यातला शेवटचा रविवार आणि वैशाखातली अवस. उघडा डोळे.

पहिल्यांदा ओरडतील ते पाय. तुम्ही भाताच्या खाचरात उभे आहात. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, त्यात वाळून टणक झालेली धसकटं, आणि सकाळचे साडेसात-आठ झाले नाहीत तोच माती तापायला लागलेली. बांधावर चढा, तिथे निदान वाळकं गवत आहे. मग नाकाची पाळी. जळकट, शेणकट, थोडा गोडसर असा वास येतोय ना? तो राबाचा. बांधापलीकडे काळा चौकोन दिसतो ती दाढ. तिच्यावर आधी शेण पसरलं, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यांवर मातीचा हात फिरवला. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून दिलं, म्हणजे भडकायला नको, धुमसत राहावं. तण आणि तणाचं बी जळून गेलं, मागे राख उरली. पहिल्या पावसाला रोपं उगवतील ती याच काळ्या तुकड्यात.

कान लावा. गाडीचा आवाज नाही, कुकरची शिट्टी नाही. चिमण्या, लांबवर एक रेडा, आणि गावाच्या बाजूने येणारा ठक्-धप्, ठक्-धप् असा जड आवाज. त्या आवाजाच्या दिशेने चाला. डोंगर डाव्या अंगाला ठेवा. तो तेवढा तुमच्या ओळखीचा आहे. पांडवकडाही जागेवर आहे, पण १०७ मीटर उंचीच्या त्या कड्यावर आज पाण्याचा थेंब नाही, नुसता काळा ओघळ दिसतो.

घर कुणाचं, ते विचारू नका. खारघर, बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे, पेठ, कुठल्याही आगरी घरात शिरलात तरी आज हेच चाललेलं असणार. पुढे सारवलेलं अंगण आणि नळीच्या कौलांचं घर, मागे पेंढ्याने शाकारलेली पडवी, तिला लागून गोठा. भिंती कुडाच्या, वरून शेणामातीचा लेप. अंगणात जांभळीचे टाळे बांधलेला मांडव अजून उभा आहे, पानं सुकून कुरकुरायला लागलीत. परवा या घरातल्या मुलीचं लग्न झालं. रात्र रात्र धवळे गाऊन आत्याचा घसा बसलाय आणि ती सगळ्यांना हातवारे करून हुकूम सोडतेय. आवाज गेला तरी हुकूम कमी झालेले नाहीत.

तुम्ही कोण, असं कोणी विचारणार नाही. लग्नसराईत घरात चार माणसं जास्तीची असतातच. कुठल्या मावसआत्येचं कोण, याचा हिशेब फक्त आजीकडे असतो, आणि तिने तुमच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं तरी शेवटी ती एवढंच म्हणेल, "कवा आयलं पोर? भूक लागली आसंल."

लगेच तुमच्या हातात पितळी येईल. पातळ पेज, वर मिठाचा खडा, बाजूला कैरीची फोड. ओट्यावर बसून ओरपा. घशातून गरम पेज उतरते आणि कपाळावर घाम फुटतो, तेवढ्यात खाडीवरून वारा येतो आणि तोच घाम गार लागतो. पंखा नसलेल्या घरात हा एक उद्योग बरा असतो.

सुट्टीवर आलोय, असं मनात असेल तर ते इथेच पितळीत ठेवून द्या. रोहिणी लागल्यात, मृग आठवड्यावर आलाय. एकदा आगोट लागली की चार महिने डोंगर, शेत आणि खाडी सगळं पाण्यात. तेव्हा बाजार नाही, सरपण नाही, वाळवायला ऊन नाही. म्हणून मे महिना इथे कोणी मे महिन्यासाठी जगत नाही. सगळं घर पावसाकडे तोंड करून कामाला लागलेलं असतं. आज अवस आहे, अवसेला नवं काम काढायचं नाही असा आजीचा दंडक. पण अर्धं राहिलेलं काम पुरं करायला तिची हरकत नाही, आणि या घरात आज सगळीच कामं अर्धी राहिलेली आहेत.

त्यातलं पहिलं तुमच्या वाट्याला आलंय. मागच्या पडवीवर चढा.

शिडी म्हणजे दोन बांबू आणि त्यांना सुंभाने बांधलेले आडवे दांडे. प्रत्येक दांडा पाय ठेवला की किरकिरतो. वर थोरला काका उघड्या अंगाने, कमरेला लंगोटी-रुमाल लावून वाशावर बसलाय. गेल्या वर्षीचा पेंढा काळा पडलाय, कुजलाय. तो ओढून काढला की धूळ आणि झुरळं अंगावर येतात आणि एखादा विंचूसुद्धा. खालून पोरं नव्या पेंढ्याच्या पेंढ्या फेकतात, तुम्ही झेलायच्या आणि काकाच्या हातात द्यायच्या. पेंढा पिवळाधमक, कोरडा, त्याचा वास गोड. पण त्याची कुसं बघता बघता बनियनमधून शिरून घामाला चिकटतात आणि तुम्ही पाठ खाजवायला लागता. काका हसतो. त्याची पाठ या कुसांना कधीच सरावलीय.

शाकारणी खालून वर करत जायची असते. पागोळीच्या बाजूला पहिली ओळ, तिच्यावर अर्धी चढून दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी आढ्यापर्यंत. प्रत्येक ओळीवर बांबूची कांब आडवी टाकून सुंभाने आवळायची. पाणी पडलं की एका पेंढीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं घसरत पागोळीतून बाहेर गेलं पाहिजे. काका एकदा करून दाखवतो, एकदाच सांगतो, "वरची पेंडी खालचीवं येवाला पायजे." मग कोपऱ्यातला हातभर तुकडा तुमच्यावर सोपवून तो आढ्याकडे सरकतो.

तुम्ही लावता. ऊन चढलंय, सुंभाने बोटं सोलवटलीत, खालून कोणीतरी "झाला काय रं?" म्हणून ओरडतंय. कोपऱ्यात एक पेंढी उलटी बसली असावी असं तुम्हाला वाटतं. वरून बघून काही कळत नाही. कांब ओढून आवळता आणि खाली उतरता. काका वरून बघतो, मान हलवतो. ती होकाराची होती की नकाराची, हे आत्ता सांगता येणार नाही.

खाली आलात की तो ठक्-धप् आवाज कशाचा ते कळेल. मांडवाखाली दगडाचं उखळ, त्याच्याभोवती तीन बाया, तिघींच्या हातात पुरुषभर उंचीची मुसळं. एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं उखळात, तिसरीचं मध्यावर. पाळी कोणी मोजत नाही, कोणाचं मुसळ कोणाला लागत नाही. आत वर्षभराचा मसाला आहे. लाल मिरच्या चार दिवस अंगणात कडक वाळवल्या, आज सकाळी चुलीवर भाजल्या. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, तमालपत्र, लवंग, मिरी, दालचिनी वेगवेगळी परतून घेतली, हळकुंडं आधीच फोडून ठेवली. आता सगळं कांडून, टोपावर बांधलेल्या पातळ फडक्यातून गाळून, राहिलेला चाळ पुन्हा उखळात.

पहिला श्वास घेतलात की शिंक येईल. दुसरा घेऊ नका म्हटलं तरी घ्यावा लागेल, मग दुसरी शिंक. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशात आग. अंगणातला कुत्रा केव्हाच पळून गेलाय. काकीच्या भुवयांवर, पापण्यांवर, हातावरच्या लवेवर तांबडी पूड बसलीय आणि ती शांतपणे मागच्या हळदीत कोण कसं नाचलं याच्या गोष्टी सांगतेय. तुमच्या शिंकांनी तिघींचा ठेका एकदाच चुकतो, तेही हसण्यामुळे. डोळे चोळू नका. सांगितलं होतं, चोळू नका. आता माठातल्या पाण्याने धुवा, पण कमी घ्या.

पाणी कमी घ्या हे इथे दर थोड्या वेळाने ऐकायला येईल. खाडीकडच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, त्यात डाळ शिजत नाही. गोड पाण्याची विहीर डोंगराच्या बाजूला, आणि तीही तळाला गेलीय. पहाटे काळोखात सुना हंडे-कळश्या घेऊन जातात, तळाशी साचेल तेवढं वाटीवाटीने भरतात, आणि दोन खेपांत सकाळ संपते. म्हणून इथे तोंड धुतलेलं पाणी आळवाच्या मुळाशी जातं, तांदूळ धुतलेलं म्हशीच्या आंबोणात. पनवेलच्या बाजारातून बैलगाडीने काय काय येतं, गाडीची चाकंही पनवेलचीच, पण पाणी तेवढं डोक्यावरूनच यावं लागतं.

सूर्य डोक्यावर आला की पोरं एकदम गायब होतात. त्यांच्या मागे जा. मोठी माणसं ओरडतील. तिकडे लक्ष देऊ नका, तीही लहानपणी तिकडेच पळायची.

अवसेला आणि पुनवेला भरती भर दुपारी येते. खाडीवर पोचलात की समोर पाणीच पाणी, बांधाच्या कडेपर्यंत चढलेलं, गढूळ, चमकतं. तुमच्या पायाखालचा हा मातीचा बांध हीच या गावची तिजोरी. याच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची जमीन. इथे रातासारखा खाऱ्यातही तग धरणारा तांबडा भात होतो. उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी आत शिरतं आणि मग ती जमीन पुढची काही वर्षं फारसं काही पिकवत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात घरटी माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर येतो, ओल्या चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकतात, आणि बांध हातभर उंच होतो.

बांधात मध्येच लाकडी दारांची उघाडी आहे. तिच्याजवळ जाऊन बघा, बघण्यासारखी आहे. दारं वरून टांगलेली, बाहेरच्या बाजूला उघडणारी. भरतीचं पाणी आलं की ते दाराला ढकलतं आणि दार आपोआप बंद होतं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. खाडी स्वतःच स्वतःला कडी लावते आणि स्वतःच काढते. राखण करायला माणूस लागत नाही. लागतो तो फक्त दारात अडकलेलं लाकूड काढायला.

पोरांच्या लेखी मात्र उघाडी म्हणजे उडी मारायची जागा. एक धावत येतो, पाय पोटाशी घेतो आणि धप्पकन पाण्यात. पाणी तुमच्या तोंडावर. खारट. "ये ना, भितंस काय?" आता माघार घेता येणार नाही. डोळे मिटा, नाक धरा, उडी टाका. वरचं वीतभर पाणी चक्क गरम आहे, खालचं गार, आणि त्याच्याखाली पाय टेकवलात तर मऊ, थंड चिखल, बोटांमधून वर येणारा. सकाळची कुसं, मिरचीची आग, सगळं एका दमात धुऊन निघतं. बाहेर आल्यावर दहा मिनिटांत अंग वाळतं आणि दंडावर मिठाची पांढरी नक्षी उमटते. जिभेने चाटून बघा. सगळे चाटतात.

जेवायला बसता तेव्हा एवढी भूक लागलेली असते की बोलवत नाही. तांदळाची भाकरी, तव्यावरून आत्ता आलेली, टम्म फुगून फुटलेली. तिच्या पापुद्र्यातून वाफ येते. सोबत कैरी घालून केलेला सुका जवळा, वालाचं बिरडं आणि पांढरा कांदा बुक्कीने फोडलेला. ताजी मासळी आज दुपारी नाही, पण कोपऱ्यातल्या मडक्यांमध्ये सुकट आणि सुके बोंबील दाबून भरलेत. तो वास आधी अंगावर येईल, जेवण संपेपर्यंत त्यानेच भूक वाढेल. आजी मध्येच विचारते, "आजून एक?" उत्तराची वाट न बघता भाकरी ताटात पडते.

जेवल्यावर तासभर घर आडवं होतं. माजघरात शेणाने सारवलेल्या जमिनीवर अंग टाका. गोधडी नको, गारवा थेट पाठीला लागू द्या. वर कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे उतरतात आणि त्यात मसाल्याची पूड तरंगताना दिसते. कुठून तरी पिकल्या आंब्याचा वास येतोय. कणगीच्या मागे बघा. पेंढ्यात रायवळ आंब्यांची अढी घातलीय. हात घालून चाचपायचं, मऊ लागेल तो काढायचा, पण दाबून पाहिलेला परत ठेवायचा नाही, हा कायदा. तळहातात घोळवा, देठाकडचा चीक पिळून टाका, तोंड लावा. रस कोपरापर्यंत ओघळतो, केसर दातांत अडकतं. दोन झाले की तिसरा घेऊ नका, आजी जागी असते. ती झोपली असं आजवर कोणी पाहिलेलं नाही.

उन्हं जरा उतरली की अंगणात हाक येते. डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडीकडच्या आदिवासी बाया टोपल्या घेऊन आल्यात. पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं, दुसऱ्या टोपलीत जांभळं, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या. पैशांचं नाव निघत नाही. आजी सुपातून तांदूळ आणते, वर मूठभर सुकट टाकते. समोरची बाई सुपाकडे बघून मान हलवते, आजी कुरकुरत आणखी अर्धी मूठ टाकते. दोघींना माहीत असतं की ही अर्धी मूठ द्यायचीच होती. करवंदाचा चीक ओठांना चिकटतो आणि जांभळाने जीभ जांभळी होते. संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकाने कुठे हात मारला ते तोंड उघडलं की कळतं.

सूर्य डोंगरामागे लवकर जातो. सावली गावावरून सरकत खाडीकडे निघाली की तुम्हीही निघा. दुपारी उडी मारलीत ती जागा ओळखू येणार नाही. पाणी लांब मधल्या धारेला गेलंय आणि सगळीकडे करडा, ओला, चकाकता चिखल पसरलाय. तिवरांची मुळं उघडी पडलीत. चिखलातून बारीक बुडबुडे फुटताना चट्चट् आवाज येतो. वास तिखट, कुजका, खारा. काही वेळाने तो नाकाला सापडेनासा होतो.

चिखलावर डोळे वर काढून निवटे बसलेत. मासा असून हे पठ्ठे पाण्याबाहेर उड्या मारतात. पकडायला गेलात की सुळकन बिळात. पोरं पालथ्या हाताने बीळ अडवून दुसऱ्या बाजूने हात घालतात आणि वळवळणारा निवटा वर काढतात. तुमच्या हातून तो तीनदा सुटेल. घरी गेल्यावर चुलीतल्या राखेत घोळला की त्याची बुळबुळ जाते. इथे राख नाही, इथे फक्त सराव कामाला येतो.

आज सगळे आलेत ते मात्र चिंबोऱ्यांसाठी. "आवसंची चिंबोरी भरलेली, पुनवंची पोकल," हे इथे शाळेत न गेलेलं पोरही सांगतं. धाकटा काका बांधाच्या पायथ्याशी वाकून बिळं बघत चाललाय. बिळाच्या तोंडाशी ताजा चिखल उकरलेला असेल, नखांचे ओरखडे असतील, तर आत घरधनी आहे. काका लोखंडी आकडी आत सरकवतो. हात हलका, डोळे दुसरीकडेच, सगळं ध्यान बोटांत. आकडीला आतून काहीतरी धरतं. तो ओढत नाही. आत असलेल्याला वाटू देतो की आपण जिंकतोय. मग मनगट एकदाच वळतं आणि चिखलाने माखलेली, हिरवट-काळी, हाताच्या पंजाएवढी चिंबोरी बाहेर येते, दोन्ही डेंगे उघडून सगळ्या जगाशी भांडायला तयार.

"धर," काका म्हणतो. तो तुम्हाला म्हणतोय. मागून धरायची, अंगठा वर, बोटं पोटाखाली. डेंगे मागे पोचत नाहीत. तुम्ही धरता, ती पाय झाडते, केवढी तरी ताकद आहे तिच्यात. काका सुतळीने डेंगे बांधून तिला टोपलीत टाकतो. टोपलीत आधीच्या खडखडतायत. यात नुसती जिभेची हौस नाही. या चिंबोऱ्याच बांध पोखरतात. उन्हाळ्यात दुर्लक्ष केलं तर पावसाळ्यात त्याच भोकातून खाडी आत येते. रात्रीचं कालवण आणि बांधाची राखण, दोन्ही एका टोपलीत.

परतेपर्यंत काळोख पडतो. असा काळोख तुम्ही पाहिलेला नाही. वीज गावात नाही, चंद्र आज नाही, आणि मुंबईचा उजेड डोंगराच्या पार पलीकडे. पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही, फक्त त्याच्या ओल्या पायांचा पचपच आवाज ऐकत चालायचं. बांधालगतच्या झाडावर काजवे चमकतायत. घर दिसण्याआधी त्याची खूण येते ती वासाने: नव्या मसाल्याची फोडणी.

चुलीपुढे काकीचा चेहरा तांबडा दिसतो. चिंबोऱ्या फोडून, डेंगे ठेचून, सकाळच्याच मसाल्यात, चिंचेच्या कोळात रटरटतायत. ओट्यावर रॉकेलची चिमणी, तिच्याभोवती ताटं. भात, त्यावर लालभडक कालवण, आणि मग बराच वेळ बोलणं बंद, फक्त कवच फुटल्याचे कडकड आवाज आणि चोखल्याचे. डेंग्यातलं पांढरं मांस अख्खं निघालं की ते आपल्या ताटात ठेवायचं की शेजारच्या लहान पोराला द्यायचं, हा कसोटीचा क्षण. नाकातून पाणी येतंय, कानशिलं तापलीत, तरी हात थांबत नाही. आत्याचा बसलेला घसा तिखटाने मोकळा झालाय, आणि घरातल्यांना आता त्याची काळजी वाटायला लागलीय.

रात्री सगळे अंगणात. चटया, गोधड्या, एका ओळीत पोरं, कडेला आजी. उकाडा असा की चटईला पाठ चिकटते. वारा पार पडलाय. एकेकाची भुतांची गोष्ट सुरू होते. अवस आहे, गोष्टींना तोटा नाही. तेवढ्यात डोंगराच्या मागे एकदा उजळतं. आवाज नाही. पुन्हा उजळतं. या वेळी गडगड ऐकू येते. आजी उठून बसते, हवा हुंगते आणि एकच शब्द उच्चारते, "वलीव."

मग जे सुरू होतं त्याला पळापळ हा शब्द तोकडा आहे. मसाल्याचा टोप! सरपण! वाळत घातलेले पोह्याचे पापड! चटया ओढल्या जातात, कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी पोटावर पडतो, म्हैस हंबरते, मांडवाचा एक खांब सोसाट्याने करकरतो. धूळ डोळ्यांत. पहिला थेंब तुमच्या खांद्यावर पडतो, रुपयाएवढा, गरम. मग दुसरा, आणि मग एकदम सगळे. तापल्या मातीतून वाफ उठते आणि तो वास येतो ज्यासाठी हे सगळं गाव महिनाभर राबलं. तुम्ही कुठल्याशा सरपणाची मोळी छातीशी धरून मागच्या पडवीत शिरता. आत सगळं घर दाटलेलं आहे, ओलं, धापा टाकत, हसत.

सगळ्यांच्या माना वर. पाऊस पेंढ्यावर पडतोय. कौलांवर ताशा वाजतो, पेंढ्यावर नुसतं सूं होतं. पागोळ्या बाहेर गळायला लागतात. एक ओळ, दुसरी ओळ, पडवी कोरडी. थोरला काका चिमणी उंच धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत येतो. वर्षाची परीक्षा आज रात्रीच होणार, पेपर वर आभाळाने काढलाय.

टप.

कोपऱ्यात. टप, टप. थेंब थेट थोरल्या काकाच्या गुंडाळून ठेवलेल्या गोधडीवर पडतोय. काका चिमणी त्या कोपऱ्याकडे नेतो, वर बघतो, मग सावकाश तुमच्याकडे बघतो. सकाळची मान होकाराची नव्हती, हे आता तुमच्या लक्षात येतं. क्षणभर कोणी बोलत नाही, आणि मग पडवीतली सगळी माणसं एकदम हसायला लागतात. काकी पदर तोंडाला लावून, पोरं एकमेकांच्या अंगावर पडून, आत्या परत मिळालेल्या आवाजात. काकाही हसतो. आजी पुढे होऊन त्या थेंबाखाली पितळी सरकवते, तुमच्या खांद्याला धरून खाली बसवते आणि फर्मावते, "सकाली शिडी लाव, पेंडी सवली कर. मंग जा कं जावाचा हाय तं."